नकाशात नसलेली खोली

गेल्या श्रावणात भाच्याचा फोन आला. "मामा, घर पसंत पडलंय. टोकन द्यायच्या आधी एकदा तू नजर टाक." पत्ता ऐकला आणि मी गप्प झालो. घर आमच्याच सोसायटीतलं, मधल्या अंगणाच्या पलीकडच्या रांगेतलं. कांदिवलीला चारकोपात म्हाडाची जी बैठी घरं आहेत, त्यातलं. बैठी हे नाव आता फक्त तोंडात राहिलंय.

रविवारी सकाळी आम्ही गेलो. तळमजल्याची खोली, मागे स्वयंपाकघर. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. तिथून पुढे भिंतीला टेकवलेला लोखंडी जिना, इतका उभा की भाच्याची बायको चार पायऱ्या चढून थांबली. वर दुसरा मजला: लांबट खोली, फरशी गुळगुळीत, तीन बाजूंनी खिडक्या, वारा छान. तिचा चेहरा उजळला. "ही मुलांची खोली," ती म्हणाली. घरमालक आम्हाला आणखी वर, स्लॅबवर घेऊन गेले. चारही कोपऱ्यांत सळया हातभर वर सोडलेल्या, गंजलेल्या. गंज वाढू नये म्हणून त्यांच्यावर रिकाम्या पाण्याच्या बाटल्या उलट्या घातलेल्या. "उद्या वाटलं तर आणखी एक मजला चढवता येईल, साहेब. सोय करून ठेवलीय," ते म्हणाले. ही सोय ते घराचा गुण म्हणून दाखवत होते.

खाली आल्यावर मी भाच्याला माझ्या घरी नेलं आणि सोसायटीच्या कपाटातून मंजूर नकाशाची जुनी प्रत काढली. घड्यांवर फाटलेली, चिकटपट्टी लावलेली. त्यात त्या घराला तळमजला आणि वर एक मजला एवढंच आहे. मुलांची ती खोली नकाशात नाही.

ती केव्हा उभी राहिली हे मला पक्कं माहीत आहे. तेव्हा सोसायटीचा सचिव मीच होतो. जोडून आलेल्या तीन सुट्ट्या, पहिल्याच रात्री निळी ताडपत्री चढली आणि चौथ्या दिवशी सकाळी स्लॅब पडलेला होता. मी पाहिलं आणि काही बोललो नाही. बोलायला तोंड नव्हतं, कारण माझ्या घराचा पुढचा ओटा मीही आत घेतलेला आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं जे लिहितोय ते बाहेरून बोट दाखवणाऱ्याचं नाही हे लक्षात राहील.

मला म्हणायचंय ते एवढंच: मुंबईतलं वाढीव बांधकाम बांधणाऱ्यामुळे जितकं टिकतं, त्याहून जास्त ते विकत घेणाऱ्यामुळे टिकतं. ज्या खोलीला मंजुरी नाही तिचे पैसे घेणाऱ्याने मोजू नयेत. एक रुपयाही नाही. आणि ती खोली मंजूर आहे की नाही हे घेणाऱ्याला त्याच दिवशी कळेल अशी व्यवस्था सरकारने करावी. आज दोन्ही होत नाही.

भाच्याच्या व्यवहाराचे आकडे सांगतो. मालकाची मागणी १ कोटी ३० लाख. बँकेच्या व्हॅल्युअरने येऊन मापं घेतली, नकाशा मागितला, आणि घराची किंमत ९० लाख लावली. दुसरा मजला त्याने हिशेबात धरलाच नाही. त्याच्या लेखी ती खोली अस्तित्वातच नव्हती. मग मधले ४० लाख कशाचे? त्या खोलीचे. ते कसे द्यायचे, हेही दलालाने समजावून सांगितलं: करारात ९० लाख दाखवायचे, बाकीचे रोख. भाचा बायकोचे दागिने गहाण ठेवायला आणि ऑफिसातून पर्सनल लोन काढायला निघाला होता. म्हणजे जी खोली बँकेने शून्य ठरवली, तिच्यासाठी या मुलाने सगळ्यात महागडं कर्ज काढायचं. वर रोख दिलेल्या पैशांचा कुठे कागद नाही, उद्या खोली पाडली गेली तर ते पैसे दिले होते हे सिद्ध करायची सोय नाही.

तो मजला बांधायला त्या मालकांना त्या काळी फार तर सात-आठ लाख लागले असतील. एवढ्या खर्चावर ४० लाख मिळत असतील तर पुढच्या घरावर ताडपत्री चढणारच. नोटीस, दंड, ठेकेदाराचे वरचे पैसे, सगळं त्यात आरामात बसतं. कुठल्याही आयुक्ताने कितीही पथकं पाठवली तरी या फायद्याच्या गणिताला तो हरवू शकत नाही. ते गणित मोडू शकतो तो फक्त घेणारा.

यावर पहिलं उत्तर येतं: "आम्ही थोडंच बांधलं? आधीच्या मालकाने बांधलं. आमचा काय दोष?" हे मी अनेक चांगल्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि ते मनापासून बोलतात. पण कायदा बांधकामाकडे बघतो. पालिकेची नोटीस, मग ती महापालिका कायद्याच्या कलम ३५१ खालची असो की नगररचना कायद्याच्या कलम ५३ खालची, आज त्या घराचा जो मालक किंवा कब्जेदार आहे त्याच्या दारावर चिकटते. आधीचे मालक तोवर बोईसरला किंवा गावी राहायला गेलेले असतात. आणि मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा जे सांगतो ते घेणाऱ्यांनी जरूर वाचावं. विकणाऱ्याने लपवलेला दोष सांगायला हवा, हे खरं; पण कुठला दोष? जो घेणाऱ्याला साधी काळजी घेऊन कळला नसता तो. सोसायटीत जाऊन नकाशा मागितला असता तर दहा मिनिटांत कळलं असतं, अशा गोष्टीबद्दल नंतर तक्रार करायला जागा फार थोडी उरते.

वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडची आठवण अजून जुनी झालेली नाही. सात इमारती, १९८० च्या दशकात उभ्या राहिलेल्या. मंजुरी पाच-सहा मजल्यांची आणि एक इमारत थेट वीस मजल्यांपर्यंत गेली. त्या रहिवाशांना वर्षानुवर्षं पालिकेचं नियमित पाणी नव्हतं. पाण्याची जोडणी मिळावी म्हणून ते न्यायालयात गेले आणि त्यातूनच बेकायदा मजल्यांचा विषय ऐरणीवर आला. फेब्रुवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ३५ मजले वाचवायला नकार दिला. सुधारित नकाशे नामंजूर झाल्याची कल्पना घेणाऱ्यांना होती, हेही निकालात आलं. २०१३ च्या नोव्हेंबरात आणि पुन्हा २०१४ च्या जूनमध्ये त्या फाटकाशी जे दिसलं, आडव्या झालेल्या बायका, रडणारी म्हातारी माणसं, गॅस आणि वीज तोडायला आलेली माणसं, ते टीव्हीवर सगळ्या मुंबईने पाहिलं. माझंही मन तुटलं. त्यांच्यात आयुष्यभराची कमाई घातलेली माणसं होती. पण त्याच वेळी एक प्रश्न मनात सलत राहिला: त्याच कंपाउंडातले मंजूर मजल्यांवरचे लोक आणि वरच्या मजल्यांवरचे लोक यांच्यात सहानुभूतीखेरीज काहीच फरक करायचा नसेल, तर मंजुरी या शब्दाला अर्थ काय राहिला?

इथे एक भेद मात्र मी नक्की करतो. डोंबिवली-कल्याणमध्ये ६५ इमारतींचं जे प्रकरण उघड झालं, तिथे महापालिकेची परवानगीच बनावट होती आणि त्या बनावट कागदावर महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा, नोंदणी क्रमांक मिळवला होता. घेणाऱ्याने क्रमांक पाहिला, बँकेने कर्ज दिलं, दुय्यम निबंधकाने करार नोंदवला. तो माणूस काय आणखी तपासणार होता? त्याला फसवलं गेलं, आणि त्याचं घर पाडताना त्याची भरपाई ज्यांनी फसवलं त्यांच्याकडून वसूल करून द्यायला हवी. चारकोपचं घर घेणारा माझा भाचा त्या रांगेत बसत नाही. त्याला व्हॅल्युअरने सांगितलं, मी सांगितलं, दलालाने तर रोख रकमेच्या रूपात स्वतःच सांगितलं. जाणून घेतलेली जोखीम आणि पदरात टाकलेली फसवणूक यांना आपण एकाच दयेने तोलतो, आणि त्यात खऱ्या फसलेल्याचं नुकसान होतं.

दुसरा गैरसमज कागदांचा. घर दाखवताना मालकांनी एक प्लास्टिकची फाइल पुढे केली. वीजबिल दुसऱ्या मजल्याच्या वेगळ्या मीटरचं, मालमत्ता कराच्या पावत्या, शेअर सर्टिफिकेट, नोंदणीकृत करार. "सगळं क्लिअर आहे." यातल्या एकाही कागदाने ती खोली अधिकृत होत नाही. वीज कंपनी राहणाऱ्याला वीज देते. मालमत्ता कर तर पालिका अनधिकृत बांधकामालाही लावते; महापालिका कायद्याच्या कलम १५२-अ प्रमाणे अशा बांधकामावर कराशिवाय वेगळा दंड आहे, आणि तो भरला म्हणून बांधकाम नियमित ठरत नाही. दुय्यम निबंधक करार नोंदवतो तेव्हा मुद्रांक शुल्क पुरेसं आहे का आणि समोर सही करणारी माणसं तीच आहेत का हे बघतो. खोली नकाशात आहे का, हे बघणं त्याच्या कामात नाही. तरी आपल्याकडे गठ्ठा जाड असला की घर पक्कं वाटतं. त्या सगळ्या गठ्ठ्यात दोनच कागद या प्रश्नाचं उत्तर देतात, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम मंजुरीप्रमाणे झालं, आता राहायला हरकत नाही, असा दाखला), आणि नेमके तेच फाइलमध्ये नव्हते.

फ्लॅटमध्येही हेच चालतं, फक्त डोळ्यांना कमी दिसतं. २०१२ पूर्वीच्या कितीतरी इमारतींत खिडकीखाली फ्लॉवर बेड असायचे. ते चटईक्षेत्रात, म्हणजे भूखंडावर जेवढं बांधायला परवानगी असते त्या क्षेत्रफळात, मोजले जात नसत, म्हणून बिल्डर ते भरपूर देत आणि घेणाऱ्याला हळूच सांगत, ताबा मिळाला की भिंत पाडून आत घ्या. जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलले, हे कोपरे मोजले जाऊ लागले आणि त्याबदल्यात प्रीमियम भरून ३५ टक्के फंजिबल, म्हणजे हवं तिथे वापरता येणारं जादा, चटईक्षेत्र देण्यात आलं. पण आधीचे फ्लॅट तसेच विकले जातात. जाहिरातीत 'प्रशस्त हॉल' लिहिलेला असतो. त्या हॉलचा शेवटचा दोन-अडीच फुटांचा पट्टा चार कुंड्यांसाठी खांबांच्या बाहेर लोंबत ठेवलेला असतो आणि आता त्यावर सोफा, कपाट आणि पाहुणे बसतात.

हे वजनाचं बोलणं मी मुद्दाम काढलं, कारण वाढीव बांधकामावर चर्चा झाली की आपण ती परवानगी आणि दंडाच्या भाषेत करतो. घाटकोपरची साईदर्शन इमारत २५ जुलै २०१७ रोजी सकाळी कोसळली. तळमजल्यावर फेरबदलाचं काम चालू होतं, खांबांना हात लावल्याची तक्रार रहिवासी करत होते. १७ माणसं गेली. त्यातली बरीचशी वरच्या मजल्यांवर आपापल्या घरात होती. मालाडच्या मालवणीत ९ जून २०२१ च्या रात्री, पहिल्याच मोठ्या पावसात, वर मजले चढवलेलं घर शेजारच्या घरावर कोसळलं. बळींमध्ये ८ लहान मुलं होती. शेजारच्या घरावर, हे शब्द मला विसरता येत नाहीत, कारण आमच्या रांगेतही घरांच्या भिंती सामाईक आहेत. माझ्या भाच्याला दाखवलेल्या त्या दुसऱ्या मजल्याचं वजन अर्धं शेजारच्या आजींच्या भिंतीवर उतरतं. त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर, जिथे त्या देव ठेवतात, तिथून छताकडे एक तिरकी भेग गेली आहे. पावसाळ्यात ती ओली होते. आजींनी सिमेंट भरून घेतलं, पुढच्या वर्षी ती शेजारून पुन्हा उमटली. खोलीचे ४० लाख ज्यांना मिळणार आहेत त्यांनी आजींना कधी विचारलं नव्हतं.

तळपाया दोन मजल्यांचा, खांब नऊ इंची, त्यावर तिसरा स्लॅब आणि चौथ्याच्या सळया तयार. कुठल्या इंजिनिअरने हे हिशेबात बसवलं? कुणीच नाही. पालिकेच्या नियमात दुरुस्तीच्या किरकोळ कामांना परवानगी लागत नाही: गिलावा, रंग, लाद्या, गळती. त्या दुरुस्तीच्या नावाखाली मजले चढतात, आणि नकाशाच सादर होत नसल्यामुळे त्यावर सही करायला जबाबदार असा कोणी माणूसच नसतो. परवानगी म्हणजे खिडकीवरचा शिक्का असं वाटतं तेव्हा हे निसटतं. परवानगीचा खरा अर्थ, हे उभं राहील असं कोणीतरी नाव लिहून सांगितलं आहे.

आता सगळ्यात अवघड मुद्दा. तो टाळून मला पुढे जाता येणार नाही.

चारकोप, गोराई, मालवणी या वसाहती १९८० च्या दशकात वर्ल्ड बँकेच्या मदतीने झाल्या. गरीब आणि निम्न मध्यमवर्गीय कुटुंबांना छोटे भूखंड, पाणी, गटार, रस्ता द्यायचा आणि घर त्यांनी आपल्या कुवतीने हळूहळू वाढवायचं, हीच मुळात कल्पना होती. आमच्या आईवडिलांनी पत्र्याच्या छपरापासून सुरुवात केली. पगारवाढ झाली की भिंत, बोनस मिळाला की लादी. म्हणजे घर वाढवणं हा या वसाहतीचा स्वभाव आहे, तो गुन्हा म्हणून जन्माला आला नाही. मुलं मोठी झाली, लग्नं झाली, सुनेला दार लावून घ्यायला खोली हवी. त्याच पैशात विरारच्या पुढे जायचं आणि रोज तीन तास लोकलच्या दारात लटकायचं, की वर एक खोली चढवायची? ज्या माणसाने दुसरा पर्याय निवडला त्याला मी गुन्हेगार म्हणणार नाही. गिरणगावात पोटमाळ्यावर वाढलेल्या पिढ्यांचा मी वारस आहे. आणि विरारच्या पुढे गेलं म्हणजे सुटका झाली असंही नाही; ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला रमाबाई अपार्टमेंट कोसळली, १७ जण गेले, ती इमारतही अनधिकृतच होती.

पण गरजेपोटी चढवलेली खोली आणि नफ्यासाठी विकलेली खोली यांच्यात एक रेघ आहे, आणि ती रेघ विक्रीच्या दिवशी ओलांडली जाते. सुनेसाठी बांधली होती ना? मग सून राहिली, नातवंडं वाढली, खोलीने आपलं काम केलं. घर विकताना त्या गरजेचे ४० लाख कसे झाले? गरजेचा हवाला देऊन मिळालेली मोकळीक बाजारात विकता येत नाही. आणि घेणाऱ्याची गरज? माझ्या भाच्याचीही गरज खरी आहे, दोन मुलं आहेत. पण त्याच्या गरजेची किंमत त्याने आधीच्या मालकाला रोख का मोजावी? गरिबांची गरज म्हणून ज्या बांधकामाकडे डोळेझाक होते, त्याचा मलिदा बहुतेक वेळा ठेकेदार, दलाल आणि विकून गेलेल्याला मिळतो. सगळ्यात शेवटी आलेल्या कुटुंबाच्या वाट्याला नोटीस येते.

"पैसे भरून नियमित होईल हो, सरकार करतंच." हे आश्वासन प्रत्येक दलालाच्या जिभेवर असतं, आणि त्याला सरकारांनीच बळ दिलं आहे. उल्हासनगरमध्ये उच्च न्यायालयाने ८५५ इमारतींवर कारवाईचा आदेश दिल्यावर २००६ मध्ये खास कायदा आला. नवी मुंबईतल्या दिघ्याच्या ९९ इमारतींवर कारवाई सुरू झाल्यावर राज्यभर नियमितीकरणाची चर्चा झाली, आणि २०१७ मध्ये ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांना अटींवर दार उघडलं गेलं. अशी प्रत्येक तारीख जाहीर झाली की लोक पुढच्या तारखेची वाट बघत बांधतात. मी निवडून आलेल्या कोणत्याही पक्षाला यातून वगळत नाही. पण आमच्यासारख्या रांगेतल्या घराला या योजनांचा उपयोग फार थोडा होतो, हे कोणी सांगत नाही. चटईक्षेत्र शिल्लक नसेल, सोडायची मोकळी जागा सोडलेली नसेल, खांब वजन पेलत असल्याचा दाखला मिळत नसेल, तर भरायचे ते पैसे घ्यायलाच कोणी तयार होत नाही. आणि डिसेंबर २०२४ मध्ये मेरठच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुरेसं स्पष्ट केलं आहे: बराच काळ लोटला, अधिकाऱ्यांनी दुर्लक्ष केलं, बरेच पैसे घातले, यातलं कुठलंही कारण अनधिकृत बांधकामाची ढाल होऊ शकत नाही. बँकांनीही भोगवटा प्रमाणपत्राची खात्री करूनच कर्ज द्यावं, असं त्याच निकालात आहे.

म्हणून माझी मागणी नियमितीकरणाची नाही, आणि सरसकट बुलडोझरचीही नाही. मुंबईतल्या प्रत्येक इमारतीचा, प्रत्येक बैठ्या घराचा मंजूर नकाशा पालिकेने आणि म्हाडाने लोकांना घरबसल्या बघता येईल असा खुला करावा. आज जुना नकाशा हवा असेल तर माहिती अधिकारात अर्ज करायचा, त्याची मुदत ३० दिवस, आणि उत्तर बरेचदा 'नस्ती आढळून येत नाही'. दलाल मात्र टोकनसाठी चार दिवस देतो. या दोन मुदतींच्या फटीत हजारो कुटुंबं अडकतात. म्हाडाच्या वसाहतींना २०१८ पासून म्हाडाच नियोजन प्राधिकरण, म्हणजे बांधकामाला मंजुरी देणारी यंत्रणा, आहे. निदान त्या वसाहतींचे नकाशे एका जागी ठेवायला कोणाची हरकत असावी?

आणि नकाशा कराराला जोडल्याशिवाय फेरविक्रीची नोंदणी होऊ नये. त्यावर विकणाऱ्याने स्वतःच्या सहीने लिहावं, नकाशाबाहेर काय बांधलं आहे. खोटं लिहिलं तर तो पुढे कुठेही राहायला गेला तरी जबाबदार. आपण मुंबईत घर घेताना सहा टक्के मुद्रांक शुल्क भरतो, बाई घेत असेल तर पाच. लाखो रुपये. एवढे पैसे घेणाऱ्या खात्याने खोली नकाशात आहे का, हे एका पानावर लिहून घ्यावं, ही अपेक्षा जास्त नाही. रोखीचा व्यवहारही यातूनच आवळला जाईल, कारण जी खोली सहीनिशी अनधिकृत लिहिली, तिचे ४० लाख टेबलाखालून मागायला माणूस बिचकेल.

भाच्याने माझं ऐकलं. रागावून ऐकलं. सूनबाई दोन दिवस बोलली नाही. त्याने मालकांना ८५ लाख सांगितले, दोन मजल्यांचे ९० आणि त्यातून वरचा मजला उतरवायचा खर्च वजा. मालकांनी फोन ठेवला. दोन आठवड्यांत दुसरं गिऱ्हाईक मिळालं, दहिसरहून येणारं कुटुंब, पूर्ण किमतीला. भाचा अजून भाड्याच्या घरात आहे आणि मी त्याला योग्य सल्ला दिला की त्याचं घर घालवलं, हा प्रश्न तो मला विचारत नाही, मीच स्वतःला विचारतो.

मागच्या महिन्यात त्या घराच्या हस्तांतरणाचा अर्ज सोसायटीत आला. मी आता सचिव नाही, पण कमिटीवर आहे. सचिव असताना असे चार ना-हरकत दाखले मी डोळे मिटून दिले होते. या वेळी मी दाखल्याखाली एक ओळ घालायचा आग्रह धरला: 'मंजूर नकाशानुसार तळमजला व पहिला मजला, त्यावरील बांधकामास संस्थेची संमती नाही.' बैठकीत बराच आवाज चढला, माझ्या ओट्याचा उल्लेख झाला. मी म्हटलं, माझं घर विकलं जाईल त्या दिवशी माझ्या दाखल्यावरही अशीच ओळ लिहा, ओट्याची मापं टाकून. हे इतिवृत्तात घ्या. त्यांनी घेतलं.

दाखला गेल्यावर तिसऱ्या दिवशी रात्री दहिसरहून फोन आला. घर घेणाऱ्या मुलाचे वडील होते, रेल्वेतून निवृत्त झालेले. आवाज घाबरा. "साहेब, या ओळीचा अर्थ काय? आम्ही अकरा लाख रोख देऊन बसलोय." मी त्यांना म्हटलं, बाकीचे देऊ नका, उद्या सकाळी या, येताना टेप घेऊन या. नकाशा मी काढून ठेवतो.